विश्लेषण : तीनशे कोडिंग प्रश्न सोडवूनही विद्यार्थी पहिल्याच फेरीत का अडकतात?

अभियांत्रिकीचे सातवे सत्र जवळ आले की वसतिगृहांतल्या गप्पांचा विषय बदलतो. ‘किती झाले?’ हा प्रश्न मग अभ्यासक्रमाबद्दल नसतो, तर सोडवलेल्या कोडिंग प्रश्नांच्या आकड्याबद्दल असतो. कुणाचे दोनशे झालेले असतात, कुणाचे साडेचारशे. सलग किती दिवस सराव केला हे दाखवणाऱ्या हिरव्या चौकटींचे छायाचित्र स्टेटसवर झळकते. मग कॅम्पस निवडीची ऑनलाइन चाचणी येते. ९० मिनिटे, दोन किंवा तीन प्रश्न. त्यातला एक ओळखीचा वाटतो, पण त्यातली एक अट बदललेली असते आणि तिथेच हात थांबतात. इतका सराव करूनही असे का होते? दोष विद्यार्थ्याच्या मेहनतीत आहे, चाचणीत आहे की सरावाच्या पद्धतीत?

हे प्रश्न नेमके असतात तरी कसे?

‘डीएसए’ म्हणजे डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम. माहिती कशी मांडून ठेवायची हा पहिला भाग आणि त्या माहितीवर काम करण्याची पायरीपायरीने पद्धत हा दुसरा. सरावाच्या संकेतस्थळांवर नवखे विद्यार्थी ज्या प्रश्नाने सुरुवात करतात, तो साधारण असा असतो : किमतींची एक यादी दिली आहे. त्यातल्या कोणत्या दोन वस्तूंची बेरीज बरोबर ५०० रुपये होते?

सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक वस्तूची प्रत्येक दुसऱ्या वस्तूशी जोडी लावून पाहायची. यादीत दहा वस्तू असतील तर ४५ जोड्या होतात, काम क्षणात संपते. पण यादी एक लाख वस्तूंची असेल तर जोड्या होतात सुमारे ५०० कोटी. संगणक वेगवान असला तरी इथे धापा टाकतो.

दुसरा मार्ग असा. यादी एकदाच वाचत जायची. १८० रुपयांची वस्तू दिसली की ३२० रुपयांची वस्तू आधी येऊन गेली आहे का, एवढेच विचारायचे. आधी दिसलेल्या किमती ‘हॅश टेबल’ नावाच्या रचनेत ठेवल्या असतील तर याचे उत्तर जवळजवळ लगेच मिळते. ५०० कोटींचे काम लाखभर विचारणांवर येते. संगणक तोच, भाषा तीच. फरक पडला तो माहिती ठेवण्याच्या पद्धतीने. सरावाचे शेकडो प्रश्न शेवटी या एकाच गोष्टीची निरनिराळी रूपे आहेत.

कंपन्या हेच का विचारतात?

याचे पहिले कारण संख्या. एका जागेसाठी हजारो अर्ज येतात, तेव्हा प्रत्येकाशी बोलणे शक्य नसते. कोडिंग चाचणी यंत्रच तपासते. उमेदवाराने लिहिलेला कोड लपवून ठेवलेल्या अनेक उदाहरणांवर चालवला जातो; उत्तर चुकले किंवा वेळमर्यादा ओलांडली की गुण कापले जातात. तपासणाऱ्याला उमेदवाराचे नाव, गाव, आडनाव, इंग्रजी उच्चार यातले काहीच दिसत नाही.

दुसरे कारण असे की या सरावाची साधने सर्वांना उपलब्ध झाली. मुंबईच्या डिरेक्टी कंपनीने २००९ मध्ये ‘कोडशेफ’ सुरू केले. रशियातील सारातोव्हमधून ‘कोडफोर्सेस’ उभे राहिले. पुढे ‘लीटकोड’सारख्या संकेतस्थळांनी मुलाखतीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा साठाच खुला केला. ‘गीक्सफॉरगीक्स’वर अडलेल्या विद्यार्थ्याला स्पष्टीकरण मिळू लागले. एकेकाळी मोजक्या नामवंत संस्थांच्या आवारात फिरणारे हे ज्ञान मोबाइलवर आले. याचे मोल कमी नाही. मात्र साठा खुला झाला तसा त्याचा ‘अपेक्षित प्रश्नसंच’ही झाला आणि अडचण तिथूनच सुरू झाली.

पायऱ्यांचा प्रश्न आणि मराठीच्या तासातल्या मात्रा

समजणे आणि पाठ असणे यातला फरक एका प्रसिद्ध प्रश्नात स्वच्छ दिसतो. जिन्याला ४५ पायऱ्या आहेत. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढता येतात. जिना किती वेगवेगळ्या प्रकारे चढता येईल?

मराठी शाळेत वृत्तांचा धडा शिकलेल्या कुणालाही हा प्रश्न परका वाटू नये. लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. मग चार मात्रांची ओळ किती प्रकारांनी रचता येते? लललल, गलल, लगल, ललग आणि गग, असे पाच. चार पायऱ्यांचा जिना चढण्याचे प्रकारही पाचच. भारतीय छंदशास्त्रात विरहांक, गोपाल आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र यांनी नेमक्या याच मोजणीचा नियम सांगितला होता. ज्या फिबोनाचीच्या नावाने ही संख्यामालिका आज ओळखली जाते, त्याचा ग्रंथ १२०२ चा.

नियम साधा आहे. ४५व्या पायरीवर पोहोचणारा माणूस त्याआधी ४४व्या पायरीवर असतो किंवा ४३व्या. म्हणून ४५चे उत्तर म्हणजे ४४ आणि ४३च्या उत्तरांची बेरीज. हा नियम ‘रिकर्शन’ने जसाच्या तसा लिहिला तर कोड चारपाच ओळींचा होतो आणि दिसायलाही सुबक. पण तो चालवला की तीच छोटी उत्तरे पुन्हा पुन्हा काढत बसतो. ४५ पायऱ्यांसाठी त्या फंक्शनला ३६७ कोटींहून अधिक वेळा हाक जाते. उलट, एकदा काढलेले उत्तर लिहून ठेवले आणि खालून वर चढत गेले तर पन्नासही बेरजा लागत नाहीत. उत्तर तेच : १८३ कोटी ६३ लाख ११ हजार ९०३. ‘डायनॅमिक प्रोग्रॅमिंग’ या भारदस्त नावामागे एवढीच समज आहे : एकदा केलेले काम पुन्हा करू नका, नोंद ठेवा.

आता परीक्षक एक अट बदलतो. एका वेळी तीन पायऱ्याही चढता येतील. किंवा सातवी पायरी मोडकी आहे, तिच्यावर पाय ठेवायचा नाही. ज्याला नियम कळला आहे तो पहिल्या बदलासाठी दोनऐवजी तीन उत्तरांची बेरीज करतो आणि दुसऱ्यासाठी सातव्या पायरीच्या जागी शून्य लिहितो. एका ओळीचे काम. ज्याने कोड पाठ केला आहे त्याच्यासाठी मात्र हा पूर्ण नवा प्रश्न असतो, कारण तो त्याच्या तीनशेंच्या यादीत नव्हता.

घोकंपट्टी शिरते कुठून?

दहावीच्या गणितात गाइड वापरून उदाहरणे ‘तयार’ करण्याची सवय या क्षेत्रातही आली. प्रश्नावर आधीच ‘स्टॅक’, ‘ग्राफ’, ‘बायनरी सर्च’ अशी चिठ्ठी लावलेली असते. चिठ्ठी पाहून प्रश्न सोडवणे म्हणजे रोगाचे नाव आधी वाचून रुग्णाला तपासणे. खऱ्या चाचणीत चिठ्ठी नसते आणि कोणती रचना वापरायची हे ओळखणे हेच तर मुख्य काम असते.

दुसरी वाट उत्तराची. दहा मिनिटे डोके खाजवायचे, मग चित्रफीत पाहायची, ‘हं, कळले’ म्हणायचे, तोच कोड टंकून ‘स्वीकारले’ अशी हिरवी खूण मिळवायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. आकडा एकाने वाढतो. आठवड्याने तोच प्रश्न कोऱ्या पानावर मांडायला सांगितला तर सुरुवातही होत नाही. दुसऱ्याचे गाणे ऐकून मान डोलावणे वेगळे आणि स्वतः रियाज करणे वेगळे.

काही शिकवण्यांनी याचाच व्यवसाय केला आहे. ‘अमुक कंपनीचे हमखास प्रश्न’, ‘इतक्या दिवसांत डीएसए पूर्ण’ अशा जाहिराती विद्यार्थ्याच्या भीतीवर चालतात. पदवीचे शुल्क भरून दमलेल्या पालकांच्या खिशावर हा वरचा भार पडतो. त्यातून मिळते ती बहुतेकदा यादी. आणि यादी तर फुकटही मिळते.

अनुभवी माणसेही चुकतात का?

चुकतात, आणि सर्वात ‘सोप्या’ ठिकाणी चुकतात. क्रमाने लावलेल्या यादीत एखादी नोंद शोधायची तर मधोमध पाहायचे, निम्मी यादी बाजूला सारायची, उरलेल्या निम्म्याच्या मधोमध पुन्हा पाहायचे. याला ‘बायनरी सर्च’ म्हणतात. एक कोटी नावांच्या यादीत कोणतेही नाव फार तर २४ वेळा पाहून सापडते. कल्पना दोन मिनिटांत समजते.

संगणकशास्त्रज्ञ जॉन बेन्टली यांनी ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या १९८६च्या पुस्तकात एक अनुभव नोंदवला आहे. व्यावसायिक प्रोग्रामरांना त्यांनी हीच कृती लिहायला दिली, वेळही भरपूर दिला. सुमारे ९० टक्के लोकांना स्वतःच्याच कोडमध्ये चूक सापडली.

गोष्ट इथेच संपत नाही. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केले की, त्यांनी स्वतः जावा भाषेच्या अधिकृत संग्रहासाठी लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये चूक होती. ती सुमारे नऊ वर्षे कुणाच्या लक्षात आली नाही, आणि बेन्टली यांच्या पुस्तकातल्या कोडमध्येही तीच चूक होती. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून तिला दोनने भागले जात होते. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ही बेरीज संगणकाच्या ३२ बिटांच्या अंकात मावत नाही आणि उत्तर ऋण होते. दुरुस्ती एका ओळीची : बेरीज न करता, खालच्या टोकात दोन टोकांच्या फरकाचा निम्मा भाग मिळवायचा.

हा किस्सा विद्यार्थ्यांना धीर देणारा आहे आणि सावध करणाराही. एका प्रश्नात इतके दडलेले असू शकते. ‘बायनरी सर्च झाले’ असे म्हणून पुढे सरकणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

ही चाचणी खरोखर कौशल्य मोजते का?

पूर्णपणे नाही, हे मान्य केले पाहिजे. नोकरीत रोज कुणी जिन्याचे प्रकार मोजत नाही. तिथे दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचावा लागतो, चूक शोधावी लागते, ग्राहकाचे म्हणणे समजून घ्यावे लागते. मॅकवर असंख्य प्रोग्रामर वापरतात त्या ‘होमब्रू’चे निर्माते मॅक्स हॉवेल यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे तक्रार केली होती की, बायनरी ट्री उलटवण्याचा प्रश्न फळ्यावर सोडवता आला नाही म्हणून गुगलने त्यांना नाकारले. त्यावर जगभर वाद झडला.

२०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी ४८ जणांवर एक प्रयोग केला. काहींनी परीक्षकासमोर फळ्यावर, मोठ्याने बोलत प्रश्न सोडवला. काहींनी बंद खोलीत एकट्याने. कुणीतरी पाहत असताना कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. नमुना लहान आहे, पण इशारा स्पष्ट आहे : मुलाखतीत कित्येकदा बुद्धीऐवजी दडपण सहन करण्याची ताकद मोजली जाते. पहिल्यांदाच इंग्रजीत विचार बोलून दाखवणाऱ्या मुलावर हे दडपण दुप्पट असते.

एआय सोडवत असेल तर शिकायचे कशाला?

हा आजचा सर्वात टोकदार प्रश्न. २०२२ मध्ये डीपमाइंडची ‘अल्फाकोड’ ही प्रणाली स्पर्धांमध्ये सरासरी स्पर्धकाच्या आसपास पोहोचली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये बाकू येथे आयसीपीसी या विद्यापीठ स्तरावरील जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. तिथल्या १२ प्रश्नांपैकी गुगलच्या प्रणालीने १० आणि ओपनएआयच्या प्रणालीने सर्व १२ सोडवले. सर्वोत्तम विद्यार्थी संघाने सोडवले ११.

म्हणजे उत्तर मिळवणे आता कौशल्य उरलेले नाही. मात्र उत्तर बरोबर आहे का, ते लाखभर नोंदींवर टिकेल का, कोणत्या टोकाच्या उदाहरणावर कोसळेल, हे ओळखणे अधिक महत्त्वाचे झाले आहे. एआयने दिलेला कोडही सुबक दिसतो; ३६७ कोटी वेळा स्वतःला हाक मारणारा पायऱ्यांचा कोडही सुबकच दिसत होता. जो तो वाचून ‘हे मोठ्या आकड्यावर चालणार नाही’ म्हणू शकतो, त्याची गरज संपलेली नाही.

ऑनलाइन चाचणीत चोरून एआय वापरण्याचा मोह वाढला आहे आणि त्याचा परिणामही दिसू लागला आहे. मुलाखतीची किमान एक फेरी प्रत्यक्ष समोर बसवून घेण्याचा मानस गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये बोलून दाखवला. समोर बसल्यावर पाठ केलेला कोड फार वेळ साथ देत नाही.

मग या चाचण्या बंद कराव्यात का?

नाही. कारण पर्याय काय, हे पाहायला हवे. चाचणी नसेल तर निवड होईल ती महाविद्यालयाच्या नावावर, ओळखीवर, सफाईदार इंग्रजीवर. लातूर, गोंदिया किंवा सावंतवाडीच्या महाविद्यालयातल्या मुलीला मोठ्या शहरातल्या मुलांच्या बरोबरीने उभे राहण्याची जी थोडी दारे उघडी आहेत, त्यातले हे एक आहे. यंत्र तिला विचारत नाही की तुझे वडील काय करतात. ते फक्त विचारते, उत्तर वेळेत येते का.

पण दार उघडे असणे आणि त्यातून जाता येणे यात अंतर आहे. तिच्याकडे लॅपटॉप नसेल, महाविद्यालयाची प्रयोगशाळा पाच वाजता बंद होत असेल, दुसऱ्या वर्षात डेटा स्ट्रक्चर हा विषय वहीत कोड उतरवून संपला असेल तर ही समानता कागदावरच राहते. त्यामुळे मागणी चाचणी रद्द करण्याची नसावी. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट दुरुस्त करण्याची असावी.

सराव कसा असावा?

प्रश्न कमी, मुक्काम जास्त, हे सूत्र. प्रश्न वाचल्यावर लगेच कळफलकाकडे न जाता चारपाच आकड्यांचे उदाहरण कागदावर हाताने सोडवावे. मग सर्वात साधा, संथ मार्ग लिहावा. तो निदान बरोबर तरी असतो आणि पुढे वेगवान कोड तपासायला उपयोगी पडतो.

त्यानंतर दिलेल्या मर्यादा वाचाव्यात, कारण अर्धे उत्तर तिथेच असते. संगणक एका सेकंदात ढोबळमानाने दहा कोटी साध्या क्रिया करतो असे धरावे. यादी एक लाखाची असेल आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची म्हटले तर हजार कोटी क्रिया होतात, म्हणजे शंभर सेकंद. हा मार्ग बाद. यादी आधी क्रमाने लावली तर सुमारे १७ लाख तुलना लागतात. हा मार्ग खुला. प्रश्नावर चिठ्ठी नसतानाही दिशा अशी सापडते.

नंतर स्वतःच्या कोडवर हल्ला करावा. यादी रिकामी असेल तर? एकच आकडा असेल तर? सगळे आकडे सारखे, ऋण किंवा अवाढव्य असतील तर? पाऊण तास झटूनही सुचले नाही तर उत्तर पाहण्यात कमीपणा नाही. मात्र पाहून झाले की ते बंद करून स्वतः लिहावे आणि आठवड्याने कोऱ्या पानावर पुन्हा मांडावे. शेवटची कसोटी सर्वात सोपी आहे : हा मार्ग का चालतो, हे शेजारच्या मित्राला मराठीत सांगता येते का? सांगता आले तर इंग्रजीत फक्त शब्द शोधावे लागतात, विचार तयार असतो.

जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची आहे का?

नक्कीच नाही. महाविद्यालयांनी दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातला एक तास ‘एकच प्रश्न, तीन मार्ग’ अशा चर्चेला दिला तर चौथ्या वर्षात धावपळ करावी लागणार नाही. त्यासाठी मोठा खर्च नाही; फळा, खडू आणि उत्तर माहीत असूनही ते दाबून ठेवणारा शिक्षक पुरतो. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत वहीतला कोड उतरवून घेण्याऐवजी एक अट बदलून विचारावे. कोण समजून आला आहे ते पाच मिनिटांत कळते.

कंपन्यांनीही आपला वाटा उचलावा. दोन प्रश्नांच्या यांत्रिक गुणांवर दार बंद करण्यापेक्षा चुकीचा कोड देऊन ‘यात काय बिघडले आहे?’ असे विचारता येते. रोजच्या कामाशी ते जवळचे आहे आणि घोकंपट्टीला त्यात वाव कमी. विचार करायला दहा मिनिटे एकांत दिला तरी मुलाखतीतले निम्मे दडपण उतरेल.

आणि वसतिगृहातल्या गप्पांत ‘किती झाले?’ऐवजी ‘आज कुठे अडलास?’ असा प्रश्न ऐकू येऊ लागला, तर तीनशे प्रश्न पाठ करून हरणाऱ्या मुलाच्या शेजारी साठ प्रश्न समजून जिंकणारा मुलगा दिसायला वेळ लागणार नाही.